विश्लेषण : वाकवलेले प्लास्टिक गरम पाण्यात पुन्हा सरळ कसे होते?

थ्रीडी प्रिंटरवर छापलेली प्लास्टिकची पातळ पट्टी गरम पाण्यात बुडवायची, मऊ झाली की वाकवायची आणि वाकलेली असतानाच गार पाण्यात धरायची. पट्टी वाकडीच राहते. आठवडाभर टेबलावर ठेवली तरी वाकडीच. मग ती पुन्हा गरम पाण्यात सोडली, की काही सेकंदांत कोणी हात न लावता सरळ होते. समाजमाध्यमांवर अशा चित्रफिती भरपूर फिरतात आणि त्यांच्याखाली ‘जादू’, ‘फोर-डी’ असे शब्द हमखास असतात. यात जादू काहीच नाही. पण मरोळ-सीप्झच्या पट्ट्यात प्लास्टिक आणि थ्रीडी छपाई यांवर ज्यांचे पोट आहे त्यांच्यासाठी, आणि असे भाग तोंडात किंवा शरीरावर बसवून घेणाऱ्यांसाठी, यामागचे शास्त्र समजून घेण्यासारखे आहे. कारण हीच ‘स्मृती’ नको तेव्हा जागी झाली तर वस्तू बिघडते.

प्लास्टिकला ‘आठवते’ म्हणजे नेमके काय होते?

प्लास्टिक म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. भांड्यातल्या शेवयांसारख्या त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. थंड असताना या साखळ्या जागच्या जागी थिजलेल्या असतात आणि वस्तू कडक लागते. ठरावीक तापमानाच्या वर गेल्यावर त्या हलू लागतात आणि वस्तू मऊ होते. या सीमेला काचसंक्रमण तापमान म्हणतात. शब्द जड आहे, अनुभव मात्र घरचा आहे. लोणावळ्याची चिक्की गरम असताना लाटता येते, गार झाली की कटकन तुटते. छोट्या प्रिंटरवर सर्रास वापरले जाणारे पीएलए, म्हणजे मका-ऊस यांच्यातील साखरेपासून बनणारे पॉलिलॅक्टिक ॲसिड, ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ही सीमा ओलांडते.

पण मऊ होणे म्हणजे आठवणे नव्हे. चिक्की पुन्हा गरम केली तर ती पसरते, आधीच्या आकारात परतत नाही. स्मृतीसाठी दोन गोष्टी एकत्र लागतात. साखळ्या काही ठिकाणी एकमेकींना पक्क्या बांधलेल्या हव्यात, मच्छरदाणीच्या गाठींसारख्या. आणि दोन गाठींमधला धागा तापमानानुसार मऊ-कडक होणारा हवा. गरम करून वाकवले की गाठी टिकून राहतात, मधले धागे ताणले जातात. त्याच अवस्थेत गार केले की ताणलेले धागे थिजतात आणि वाकडा आकार पक्का होतो. पुन्हा गरम केले की धागे सुटतात, आखडतात आणि गाठींना मूळ जागी ओढून आणतात.

धागे आखडतात का? ताणलेली साखळी म्हणजे रांगेत उभी केलेली माणसे. मरोळ नाक्यावर शेअर रिक्षाची रांग कोणी धरायला लावली नाही, तर माणसे आपोआप विखुरतात. विखरून उभे राहण्याच्या तऱ्हा असंख्य, सरळ रांगेची एकच. साखळीचेही तसेच आहे. मोकळीक मिळाली की ती गुंडाळलेल्या अवस्थेकडे जाते. भौतिकशास्त्रात यालाच एन्ट्रॉपीचा परिणाम म्हणतात. ताणलेला रबरबँड सोडल्यावर आखडतो तोही याच कारणाने. आकार-स्मृती असलेले प्लास्टिक म्हणजे ताणलेल्या अवस्थेत थिजवलेला रबरबँड समजायला हरकत नाही. (घरच्या फ्रीझरमध्ये हा प्रयोग जमणार नाही. नैसर्गिक रबर कडक व्हायला उणे ६०-७० अंशांपर्यंत जावे लागते.)

प्रयोगशाळेत या वर्तनाचे मोजमाप दोन आकड्यांत करतात. समजा पट्टी ९० अंशांच्या कोनात वाकवली आणि गार करून सोडल्यावर ती ८५ अंशांवर थांबली, तर तिने दिलेला आकार सुमारे ९४ टक्के धरून ठेवला. पुन्हा गरम केल्यावर ती ५ अंशांपर्यंतच सरळ झाली, तर मूळ आकार पुन्हा मिळवण्याचे प्रमाणही सुमारे ९४ टक्के. पहिला आकडा धरून ठेवण्याचा, दुसरा परतण्याचा. चित्रफितीत यांतले काहीच दिसत नाही. दहाव्या किंवा पन्नासाव्या वेळी हे आकडे किती राहतात, हे तर नाहीच.

हे तंत्र नवे आहे का?

अजिबात नाही. लोहार चाळीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी हीट श्रिंक स्लीव्ह हे या तंत्राचे जुने आणि सर्वांत रुळलेले रूप. कारखान्यात पॉलिथिलीनची बारीक नळी काढतात, किरणांचा मारा करून साखळ्यांमध्ये गाठी पाडतात, मग ती गरम करून फुगवतात आणि फुगलेलीच गार करतात. वायरमन ती जोडावर सरकवतो, हॉट एअर गनची हवा देतो आणि नळी आपल्या मूळच्या बारीक आकारात येऊन तारेला घट्ट बसते. (इथे काचसंक्रमणाऐवजी स्फटिक वितळण्याचे तापमान कळीचे असते, तत्त्व तेच.) अमेरिकेत १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रेकेम कंपनीने या किरणप्रक्रियेवर मोठा उद्योग उभा केला. त्याही आधी, १९४१ मध्ये, दंतवैद्यकासाठीच्या प्लास्टिकच्या एका अमेरिकी पेटंटमध्ये ‘लवचीक स्मृती’ असा शब्दप्रयोग आला होता. आपल्याकडे अणुऊर्जा विभागाच्या ‘ब्रिट’ या संस्थेच्या वाशी येथील इलेक्ट्रॉन बीम यंत्रावर प्लास्टिकमध्ये अशाच गाठी पाडण्याचे काम झाले आहे.

पाण्याच्या बाटल्यांच्या गठ्ठ्यावरचे किंवा औषधाच्या बाटलीच्या तोंडावरचे आवळलेले प्लास्टिकही त्याच कुळातले. अशा वेष्टनांचा अभ्यास आणि चाचण्या हे ज्या संस्थेचे काम, ती १९६६ मध्ये स्थापन झालेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीतच आहे. चष्म्याच्या दुकानात फ्रेमची काडी गरम करून कानाच्या मापाने वाकवतात आणि तीच फ्रेम उन्हात तापलेल्या गाडीत राहिली की पुन्हा सैल होते, हा अनुभवही अनेकांना असेल.

धातूंमध्येही अशी स्मृती असते. निकेल आणि टायटॅनियमचा ‘निटिनॉल’ हा मिश्रधातू हृदयाबाहेरच्या रक्तवाहिन्यांतील स्टेंट आणि दातांच्या तारा यांत वर्षानुवर्षे वापरला जातो. तो जोरकस आहे, पण त्याला ताणण्याची मर्यादा जेमतेम ८ टक्के. प्लास्टिक १०० टक्क्यांहून जास्त ताणले जाऊ शकते, वजनाला हलके आणि स्वस्त असते, मात्र परतताना त्याचा जोर निटिनॉलच्या तुलनेत अगदीच कमी पडतो. एखादे जड झाकण उचलायला ते कामाचे नाही.

मग थ्रीडी छपाईने काय बदलले?

इथे गोष्ट खरी रंगतदार होते. ज्या छोट्या प्रिंटरची आज चलती आहे त्यांचे तंत्र अमेरिकेच्या स्कॉट क्रम्प यांनी १९८९ मध्ये पेटंटसाठी नोंदवले. प्लास्टिकची तार, म्हणजे फिलामेंट, २०० अंशांच्या आसपास तापलेल्या बारीक नोझलमधून वितळवून बाहेर काढायची आणि रांगोळीच्या रेषेसारखी एकावर एक थर देत वस्तू उभी करायची. २००९ मध्ये या पेटंटची मुदत संपली आणि यंत्रे स्वस्त झाली.

ही रेषा टाकतानाच नोझल पुढे पळत असते. त्यामुळे वितळलेला धागा टाकता टाकता किंचित ओढला जातो, आणि मोकळा श्वास घेण्याआधीच थंड होतो. म्हणजे ताणून थिजवणे हे जे काम आपण हाताने करत होतो, ते यंत्र छपाई करतानाच न सांगता करून मोकळे होते. अशी पट्टी कोणी कधी वाकवलेली नसली तरी गरम पाण्यात टाकल्यावर रेषांच्या दिशेने आखूड होते आणि जाडीला वाढते. वरच्या थरांतील रेषा एका दिशेने आणि खालच्या थरांतील दुसऱ्या दिशेने टाकल्या असतील, तर दोन्ही थर वेगवेगळे आखडतात आणि सपाट छापलेली पट्टी स्वतःहून वळते, पापड भाजताना कडा वर याव्यात तशी.

म्हणजे छापलेल्या वस्तूत दोन आठवणी असतात. एक पदार्थाची, दुसरी छपाईच्या क्रियेची. पहिली सगळेच सांगतात. दुसरी बऱ्याचदा अनुभवानेच कळते. प्रिंटर जितका वेगाने चालवला, थर जितका पातळ ठेवला, तितका ताण अधिक साठतो. नोझलचे तापमान वाढवले तर साखळ्यांना सैल व्हायला थोडा अवधी मिळतो आणि ताण कमी होतो. त्यामुळे एकच फाइल, एकच फिलामेंट, पण दोन गाळ्यांतल्या दोन यंत्रांवर छापलेले भाग गरम पाण्यात वेगवेगळे वागू शकतात. साच्यात ओतलेल्या भागाबाबतही अंतर्गत ताण असतो, पण तिथे तो एका साच्यासाठी बराचसा ठरून गेलेला असतो.

हे गुण म्हणून वापरता येते. रेषांची दिशा आणि वेग संगणकावर ठरवून सपाट छापलेले फूल गरम पाण्यात उमलवता येते. जगभरातल्या संशोधनगटांनी याचे असंख्य नमुने केले आहेत. दोष म्हणून ते आणखी जास्त भेटते. रुग्णाच्या हाडाच्या मापाने छापलेली शस्त्रक्रियेची मार्गदर्शक पट्टी निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये गेली, की तिथे तापमान १२१ अंश किंवा त्याहून जास्त असते. पीएलएचा भाग तिथून बाहेर येताना मापात राहील अशी अपेक्षा ठेवणे चूक आहे. तो नुसता मऊच होत नाही, छापताना साठलेला ताण मोकळा करून आखडतोही. पाव मिलिमीटरनेही फरक पडतो अशा कामात हा तपशील किरकोळ नाही.

लवचीक प्लास्टिक अधिक चांगले आठवते का?

तुमच्या फोनचे मऊ कव्हर बहुधा टीपीयूचे, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनचे असेल. छपाईतील लवचीक प्लास्टिक म्हटले की आधी तेच. बुटांचे तळ, पट्टे, गॅस्केट, यंत्रांचे धक्के शोषणारे तुकडे यांत ते वापरतात. त्याच्या साखळीत कडक आणि मऊ असे तुकडे आलटून पालटून येतात. कडक तुकडे एकत्र येऊन गाठींचे काम करतात, मऊ तुकडे मधल्या धाग्याचे. म्हणजे स्मृतीसाठी लागणारी रचना त्यात मुळातच आहे.

अडचण तापमानाची. नेहमीच्या टीपीयूमध्ये मऊ तुकड्यांची काचसंक्रमणाची सीमा शून्याच्या बरीच खाली असते. त्यामुळे मुंबईच्या हवेत ते कायमच ‘जागे’ असते. वाकवले की लगेच परत येते, वाकडा आकार धरून ठेवत नाही. ही लवचीकता झाली. ठरवून झोपवायची आणि हवी तेव्हा जागी करायची स्मृती नव्हे. अर्थात थोडीफार असतेच. उन्हात तापलेल्या बॅगेत आठवडाभर दबलेले कव्हर वाकडे राहते आणि गरम पाण्यात टाकल्यावर बऱ्यापैकी सुधारते, ते त्यामुळेच.

मार्ग दोन आहेत. एक, पीएलए आणि टीपीयू यांचे मिश्रण करायचे. पीएलए खोलीच्या तापमानाला आकार धरून ठेवते, टीपीयू परत आणण्यासाठी जोर देते आणि पीएलएचा ठिसूळपणाही कमी करते. प्रमाण बदलले की दोन्ही आकडे बदलतात. एकाची बाजू भक्कम केली की दुसरीची उतरते, हे या मिश्रणांचे नेहमीचे दुखणे. दुसरा मार्ग, रेणूची रचनाच अशी करायची की सीमा हव्या त्या तापमानाला येईल. जपानच्या मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीजने १९८०च्या दशकाच्या अखेरीस असे पॉलियुरेथेन विकसित केले. ते ३५, ४५, ५५ अंश अशा वेगवेगळ्या सीमांच्या प्रतींमध्ये मिळते आणि त्यापासून छपाईची तारही काढता येते. शरीराचे तापमान ३७ अंश. सीमा त्याच्या आसपास आणता आली, की थंड असताना दुमडून आत घालायचे आणि आत गेल्यावर उलगडायचे, असा विचार करता येतो. वैद्यकीय संशोधनाचा सगळा ओढा या आकड्याभोवती आहे.

लवचीक तार छापणे हेही एक कसब आहे. कडक पीएलए नोझलकडे सहज ढकलले जाते. टीपीयू ढकलणे म्हणजे ओली शेवई नळीत सरकवणे. जरा वेग वाढवला की ती मध्येच वेटोळे घालते आणि यंत्र अडते. म्हणून टीपीयू सावकाश छापावे लागते. सावकाश छापल्याने साठणारा ताणही बदलतो. एका गोष्टीची सोय लावताना दुसरी हलते, ती अशी.

मुंबईच्या पावसाळ्याचा काय संबंध?

मोठाच. पॉलियुरेथेन हवेतले पाणी ओढून घेते. जुलै-ऑगस्टमध्ये मरोळच्या गाळ्यात रीळ उघडे राहिले, की छापताना नोझलमधून फोडणीसारखी तडतड ऐकू येते. तारेतले पाणी २०० अंशांवर वाफ होऊन फुटत असते. भागावर बुडबुडे, भोके आणि कोळिष्टकासारखे बारीक धागे राहतात. म्हणून टीपीयूचे रीळ ५०-६० अंशांवर काही तास वाळवून, सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यातून थेट यंत्राला जोडतात.

पण ही झाली छपाईची अडचण. स्मृतीची अडचण वेगळी आणि अधिक मूलभूत आहे. साखळ्यांमध्ये शिरलेले पाणी वंगणासारखे काम करते आणि काचसंक्रमणाची सीमाच खाली आणते. सिंगापूरच्या नान्यांग तंत्रज्ञान विद्यापीठातील संशोधकांनी २००० च्या दशकात हे आकार-स्मृतीच्या पॉलियुरेथेनवर दाखवून दिले. वाकवून थिजवलेली तार त्यांनी खोलीच्या तापमानाच्या पाण्यात ठेवली आणि उष्णता न देता ती आपली आपण परत आली. प्रयोग म्हणून सुंदर. पण ३५ अंशांवर जागी व्हायला हवी अशी वस्तू दमट हवेत २५-३० अंशांवरच डोळे उघडत असेल, तर गोदामात ठेवलेल्या मालाचे काय, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. इस्त्री करताना कपड्यावर पाणी शिंपडल्याने घडी लवकर मोडते, त्यामागेही हेच कारण आहे. पाण्याने कापसाच्या साखळ्या लवकर मऊ होतात.

पीएलएचे दुखणे उन्हाळ्यातले. उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डचे तापमान ६० अंशांच्या पुढे सहज जाऊ शकते. छापलेला मोबाइल होल्डर मे महिन्यात मान टाकतो, तो कोणी स्वस्त छापला म्हणून असेलच असे नाही. पदार्थच त्या तापमानाचा नाही. परदेशी कोरड्या, वातानुकूलित प्रयोगशाळेत मिळालेला ९५ टक्क्यांचा आकडा मुंबईत तसाच लागू होईल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. इथे विकायची वस्तू इथल्या हवेत, महिनाभर ठेवून, मगच मोजली पाहिजे.

‘फोर-डी प्रिंटिंग’ हा वेगळा प्रकार आहे का?

यंत्र तेच. छापून झाल्यावर काळानुसार आकार बदलणारी वस्तू, म्हणून काळ ही चौथी मिती, असा त्यामागचा तर्क आहे. अमेरिकेतील एमआयटीचे स्कायलर टिबिट्स यांच्या २०१३ मधील भाषणानंतर हा शब्द गाजला. त्याच वर्षी आकार-स्मृतीचे धागे आत छापलेल्या पट्ट्यांवर शास्त्रीय निबंधही प्रसिद्ध झाला. नंतर मात्र हा शब्द वाटेल तसा ताणला गेला. मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी श्वासनलिका कोसळणाऱ्या बाळांसाठी विरघळणाऱ्या प्लास्टिकचे छापलेले आधार बसवले, त्यालाही ‘फोर-डी’ म्हटले गेले. ते काम थोर आहे, पण तिथे आधार बाळाच्या वाढीबरोबर रुंदावत जातो आणि पुढे विरघळतो, आकार आठवून परत येत नाही. शिवाय आजच्या बहुतेक छापील नमुन्यांची स्मृती एकेरी असते. ते एकदा परत आले की पुन्हा गरम करून, हाताने वाकवून, गार करूनच त्यांना ‘शिकवावे’ लागते. जाहिरातीत ‘स्वतः हलणारे’ असे लिहिलेले असते तेव्हा हा हात कॅमेऱ्याच्या बाहेर असतो.

प्रत्यक्ष उपयोग कुठे पोहोचला आहे?

दातांपर्यंत. दात सरळ करणारे पारदर्शक अलाइनर सध्या बहुतांशी दुहेरी पद्धतीने बनतात. आधी दातांचा साचा थ्रीडी प्रिंटरवर छापतात, मग त्यावर तापवलेली प्लास्टिकची शीट ओढून बसवतात. दक्षिण कोरियाच्या ग्राफी या कंपनीने अलाइनरच थेट छापता येईल असे राळद्रव्य बाजारात आणले आहे आणि त्यात आकार-स्मृती असल्याचे कंपनी सांगते. रुग्णाने तो गरम पाण्यात मऊ करायचा, दातांवर बसवायचा आणि मग तोंडाच्या तापमानात तो मूळ आकाराकडे परतताना दातांवर हलका, सतत जोर देत राहतो. वाकड्यातिकड्या दातांवर कडक शीट बसवण्यापेक्षा हे सोयीचे. प्रश्न असा, की चहा पिणाऱ्या, तिखट खाणाऱ्या तोंडात, सतत ओलाव्यात तो जोर किती दिवस टिकतो. याचे उत्तर दंतवैद्यांना रुग्णांवरच्या स्वतंत्र अभ्यासांतूनच मिळेल, कंपनीच्या माहितीपत्रकातून नव्हे.

शरीराच्या आत वापरायचे टाके हे जुने स्वप्न. आंद्रेआस लेंडलाइन आणि रॉबर्ट लँगर यांनी २००२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले, की विरघळणाऱ्या प्लास्टिकच्या धाग्याची सैल गाठ शरीराच्या तापमानाला आपोआप आवळते. या निबंधाने क्षेत्राला वेग दिला. दोन दशके उलटून गेली, तरी असे टाके रोजच्या शस्त्रक्रियांत रुळलेले नाहीत. प्रयोगशाळेतून दवाखान्यापर्यंतचे अंतर किती असते, हे त्यावरून कळावे. मनगटाचे किंवा बोटाचे स्प्लिंट मात्र तुलनेने जवळचे उद्दिष्ट आहे. सपाट छापायचे, म्हणजे छपाईचा वेळ आणि आधाराचे प्लास्टिक वाचते, आणि गरम पाण्यात मऊ करून रुग्णाच्या हातावर वळवायचे. पुन्हा माप बदलले की पाण्यात टाकून सपाट करायचे. फक्त त्या रुग्णाला स्प्लिंट कडक पाण्याने धुवू नका, हे मराठीत लिहून द्यायला हवे.

हे सगळे मरोळमध्ये कशाला सांगायचे?

कारण या साखळीचे बरेच दुवे इथे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. देशातील प्लास्टिक उत्पादकांची १९४५ पासूनची संघटना, ऑल इंडिया प्लास्टिक्स मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन, हिचे मुख्यालय मरोळ एमआयडीसीत आहे. शेजारच्या सीप्झमध्ये, १९७३ मध्ये सुरू झालेल्या निर्यात क्षेत्रात, दागिन्यांचे मेण आणि राळेचे नमुने थ्रीडी प्रिंटरवर काढून ओतकाम करणे हा रोजचा धंदा आहे. ‘इमॅजिनेरियम’सारखी थ्रीडी छपाईची कंपनी अंधेरी पूर्वेच्या याच पट्ट्यात वाढली. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने पुढे गेले की पवईची आयआयटी. तिथे २०१४ पासून ‘बेटिक’ हे केंद्र डॉक्टर आणि अभियंत्यांना एकत्र बसवून वैद्यकीय उपकरणे घडवते, आणि त्याच्या शाखा नागपूरच्या व्हीएनआयटी आणि पुण्याच्या सीओईपीत आहेत.

साचे बनवणाऱ्या टूलरूम, मोल्डिंगचे गाळे, दाणा विकणारे व्यापारी हे मरोळचे जुने चित्र. त्यातल्या अनेक जागी आता काचेच्या इमारती आहेत. उरलेल्या छोट्या गाळेवाल्यासाठी छपाई हा एक आधार आहे. इंजेक्शन मोल्डिंगच्या साच्याचा खर्च लाखांत जाऊ शकतो. पन्नास नगांच्या मागणीसाठी तो परवडत नाही, छपाई परवडते. पण नुसती छपाई कोणीही करू शकतो. यंत्र विकत मिळते, फाइल मेलवर येते, आणि भाव पाडायला शेजारचा गाळा तयारच असतो. एखादा भाग कोणत्या तापमानाला किती हलेल, दमट हवेत तीन महिन्यांनी किती परतेल, हे जो लिहून देऊ शकेल त्याच्या कामाला वेगळा भाव मिळायला हवा. त्यासाठी लागणारी साधने फार महागडी नाहीत. तापमान धरून ठेवणारे पाण्याचे भांडे, कोन मोजायला कॅमेरा, वहीत छपाईचा वेग, तापमान आणि थराची जाडी यांची नोंद, आणि धीर. काचसंक्रमणाची नेमकी सीमा मोजण्यासाठी ‘डीएससी’ नावाचे यंत्र लागते. ते प्रत्येक गाळ्यात असण्याची गरज नाही. संघटनेच्या पातळीवर किंवा एखाद्या महाविद्यालयात ते छोट्या उद्योगांना परवडेल अशा दरात वापरायला मिळाले तरी पुरे.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये ॲडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंगसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. जागतिक बाजारात ५ टक्के वाटा, १०० नवे स्टार्टअप, ५०० उत्पादने, एक लाख कुशल मनुष्यबळ अशी उद्दिष्टे २०२५ पर्यंत ठरवली होती. ती मुदत आता मागे पडली आहे. यंत्रे आणि स्टार्टअप यांची मोजणी सोपी असते, म्हणून चर्चा तिथेच घुटमळते. आकार-स्मृतीसारख्या विषयात खरी मेख पदार्थात आहे. ४५ अंशांवर जागे होणारे पॉलियुरेथेन जपानमधून मागवायचे आणि इथे फक्त छापायचे, यात किमतीचा मोठा हिस्सा पदार्थ बनवणाऱ्याकडेच राहतो. इथल्या दमटपणाला पुरून उरणारी प्रत इथेच तयार करणे, हे पवईच्या प्रयोगशाळांनी आणि मरोळच्या गाळ्यांनी मिळून करण्याजोगे काम आहे. परदेशी कंपनीला मुंबईच्या जुलैची फिकीर असण्याचे कारण नाही.

रुग्णाने आणि ग्राहकाने काय विचारावे?

वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार कमी आणि मध्यम-कमी जोखमीच्या उपकरणांना १ ऑक्टोबर २०२२ पासून, तर अधिक जोखमीच्या उपकरणांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवान्याची चौकट लागू झाली. अगदी साध्या काही उपकरणांना सवलती आहेत. डॉक्टरांच्या लेखी सूचनेवरून एका विशिष्ट रुग्णासाठी बनवलेल्या उपकरणाची या नियमांत स्वतंत्र व्याख्या आहे, आणि थ्रीडी छपाईचे बरेचसे वैद्यकीय काम नेमके याच प्रकारचे असते. एकेक नग वेगळा असल्यावर हजारातून एक काढून तपासण्याची जुनी पद्धत अपुरी पडते. तपासायचा तो पदार्थ आणि छपाईची कृती.

म्हणून अलाइनर, स्प्लिंट किंवा शस्त्रक्रियेची पट्टी छापून घेताना चार गोष्टी लेखी मागायला हरकत नाही : पदार्थाचे नाव आणि बॅच, तो कोणत्या तापमानाला मऊ होतो, कसा धुवायचा किंवा निर्जंतुक करायचा, आणि किती दिवसांनी बदलायचा. मोबाइल होल्डर घेणाऱ्याला एवढे विचारण्याची गरज नाही. त्याने पीएलएऐवजी एबीएस किंवा एएसएचा मागावा. त्यांची सीमा १०० अंशांच्या आसपास असते. आणि वाकलेला पीएलए होल्डर घरी असेलच, तर तो ७०-८० अंशांच्या पाण्यात चिमट्याने धरून बुडवून पाहता येईल. बराचसा परत येईल. छापताना साठलेला ताणही त्याच वेळी सुटणार असल्याने तो आधीपेक्षा किंचित आखूड भरेल, आणि फोन त्यात पहिल्यासारखा बसेलच असे नाही.